ट्रेमोलो ब्रिज बदलू का? आधी बघ, बेसूर होते ती एक तार की सहाच्या सहा

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तीन वर्षांपूर्वी घेतलेली, स्वस्त श्रेणीतली स्ट्रॅट घाटाची गिटार आहे, सहा स्क्रूंवर बसणारा साधा ट्रेमोलो, म्हणजे दांडी (आर्म) दाबून सूर हलवता येतो असा ब्रिज, तारांची बॉडीवरची बैठक. कॉलेजच्या बँडमध्ये वाजवतोस. आर्म वापरला की गिटार बेसूर होते, त्यातही जीची, म्हणजे तिसरी, तार जास्त. दुकानदार म्हणतो स्टीलच्या ब्लॉकचा (ठोकळ्याचा), सहा स्क्रूंऐवजी दोन पोस्टांवर (जाड खांबांवर) झुलणारा भारी ब्रिज टाक. मित्र म्हणतो थेट फ्लॉइड रोज, म्हणजे तारा दोन्ही टोकांना आवळून धरणारा ट्रेमोलो, बसव. ब्रिजची किंमत गिटारीच्या निम्म्याच्या आसपास जातेय. टाकावा का?

आत्ता तरी नको. कधीच नको असं म्हणत नाही, आणि कधी टाकावा तेही पुढे सांगतो. पण वीसेक वर्षं या दुरुस्तीच्या टेबलावर गिटारी उघडतोय. ‘ब्रिज बदलून द्या’ म्हणून आलेल्या बहुतेक गिटारींचा ब्रिज ठीकठाक असतो आणि दुखणं गिटारीच्या दुसऱ्या टोकाला, नटमध्ये असतं, म्हणजे खुंट्यांजवळच्या त्या पट्टीत, जिच्या खाचांतून तारा जातात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पैसे जातात, नवा चकचकीत ब्रिज येतो आणि जी पुन्हा तशीच चढते.

नावाची गंमत सांगतो आणि पुढे जातो. ट्रेमोलो हे नावच मुळात चुकलंय. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होणं. आर्म दाबल्यावर हलतो तो सूर, त्याला व्हायब्रेटो म्हणायला हवं. लिओ फेंडरने १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवरच्या यंत्रणेला ट्रेमोलो म्हटलं, आणि त्याच्याच कंपनीच्या अँप्लिफायरवर आवाज थरथरवणाऱ्या सोयीपुढे व्हायब्रेटो छापलं. दोन्हीकडे उलटं. सत्तर वर्षांनी आता कोण दुरुस्त करणार? मीही ट्रेमोलोच म्हणतो.

यंत्रणा मात्र हुशारीची आहे. ब्रिजची पाटी सहा स्क्रूंना टेकून दाराच्या बिजागरीसारखी झुलते. तिच्या खाली धातूचा ठोकळा, म्हणजे ब्लॉक, बॉडीत खोल उतरतो. तारा त्याच्यातून वर येतात आणि मागच्या झाकणाखाली त्यालाच स्प्रिंगा अडकवलेल्या असतात. वरून तारा पाटीला पुढे ओढतात, मागून स्प्रिंगा धरून ठेवतात. ०.००९ ते ०.०४२ इंचांचा सेट नेहमीच्या ट्यूनिंगला सगळा मिळून सुमारे ३८ किलोंचा ताण देतो आणि ०.०१० ते ०.०४६ चा सेट ४६ किलोंच्या वर जातो. एवढ्या ताणाचा हा तराजू आहे. आर्म दाबलास म्हणजे पारडं हलवलंस. सोडल्यावर काटा नेमका पूर्वीच्या जागी आला तर गिटार सुरात, केसभर इकडेतिकडे राहिला तर बेसूर.

आता काटा अडतो कुठे ते शोधायचं. त्याला पैसे लागत नाहीत, सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) दाखवणारा ट्यूनर लागतो, मोबाइलवरचा चालेल.

सहाही तारा नीट लाव. आर्म खालपर्यंत दाब, एकदम न सोडता हाताने सावकाश परत आण. आता काही न करता सहाही तारा एकेक करून ट्यूनरवर बघ आणि कागदावर लिही: कोणती तार, किती सेंट, वर की खाली. पुन्हा सगळं सुरात लाव आणि तेच कर. तीन वेळा कर, कारण एकदा काहीही होऊ शकतं. तुझा ब्रिज मागे उचलता येण्यासारखा लावलेला असेल तर हेच आर्म वर ओढूनही कर.

एक किंवा दोन तारा चढलेल्या आणि बाकीच्या ठीक, असं असेल तर तो नट आहे. ब्रिजचा काही संबंध नाही. सहाही तारा मिळून उतरलेल्या असतील तर दोष ब्रिज टेकतो त्या जागी आहे. एकच तार दरवेळी आणखी आणखी उतरतच चालली असेल तर ती नवी असून ताणलेली नाही, नाहीतर खुंटीवर नीट गुंडाळलेली नाही.

हे असं का, ते समजून घे, म्हणजे दुकानदाराशी बोलताना उपयोग होईल. आर्म दाबलास की नट ते ब्रिज हा तारेचा वाजणारा भाग सैल पडतो. नट आणि खुंटी यांच्यामधल्या तुकड्यात अजून ताण असतो, म्हणून तो थोडीशी तार आपल्याकडे खेचून घेतो. आर्म सोडल्यावर ती पुन्हा पुढे सरकायला हवी. नटची खाच तिला चावून बसली असेल तर ती तिकडेच राहते. वाजणाऱ्या भागात तार कमी पडली, म्हणजे ताण वाढला, म्हणजे सूर चढला. बेंड करताना, म्हणजे बोटाने तार आडवी ओढताना, किंवा आर्म वर ओढताना नेमकं उलट होतं. तार खुंटीकडून पुढे येते, परत जात नाही आणि सूर उतरलेला राहतो. म्हणून कित्येक वादक आर्म दाबून झाला की त्या तारेला पटकन एक बेंड मारतात आणि तार सुरात येते. हे तू नकळत करत असशीलही. तसं असेल तर नटवर शिक्कामोर्तब झालं समज.

ब्रिज अडला तर दिशा उलटी असते. पाटी पुढे झुकली आणि पूर्ण मागे आली नाही, तर सगळ्याच तारा किंचित सैल राहतात. सहाही उतरतात. नट चढवतो, ब्रिज उतरवतो. आर्म दाबून सोडल्यावरचं एवढं एकच लक्षात ठेवलंस तरी पुरे.

आता जीच का? सगळे विचारतात, आणि बहुतेकांना उत्तर मिळतं की ‘जी असतेच तशी’. साध्या, म्हणजे वरून तार न गुंडाळलेल्या तारांत एक नियम आहे. तेवढीच तार सरकली तर खालच्या सुराची तार जास्त बेसूर होते. जाडी-बारीकीचा प्रश्न नाही, सुराचा आहे. वरची ई, बी आणि जी या तीन साध्या तारांत जी सगळ्यात खालच्या सुराची. नटमध्ये तिघी सारख्याच अडकल्या तरी ओरड जीचीच ऐकू येते. ती बिचारी चहाडखोर आहे, गुन्हेगार नव्हे.

त्यातून आणखी एक गोष्ट मी फार बघतो. गिटार कारखान्यातून ०.००९ चा सेट घेऊन येते. सहा महिन्यांनी पोरं आवाज जाड यावा म्हणून ०.०१० चा सेट चढवतात. जी ०.०१६ ची ०.०१७ होते, जाड ई ०.०४२ ची ०.०४६. कागदावर फरक नगण्य, पण नटची खाच पहिल्या तारेच्या मापाने कापलेली असते आणि स्वस्त गिटारीत ती बहुधा आधीच जेमतेम असते. नवी तार तिच्यात पाचरीसारखी बसते. ट्यून करताना खुंटी फिरवतोस, काहीच होत नाही, मग एकदम ‘टिंग’ असा आवाज होऊन सूर उडी मारतो, असं होतं का? झालंच तर वरची चाचणीही करायची गरज नाही.

उपाय: नटची खाच तारेच्या मापाच्या कानशीने रुंद करायची, तळ गोल ठेवायचा, उतार खुंट्यांकडे द्यायचा. खोली वाढवायची नाही, नाहीतर मोकळी तार पहिल्या फ्रेटला (पडद्याला) खडखडते आणि नटच बदलावा लागतो. हे काम घरी करू नकोस, ज्याच्याकडे नटच्या कानशी आहेत त्याच्याकडे कर. अर्ध्या तासाचं काम आहे. पण तोवर तात्पुरतं म्हणून मऊ शिसाची पेन्सिल, ४बी-६बी वगैरे, खाचेत घास. ग्राफाइटवरून तार सरकते. खोबरेल तेल, शिवणयंत्राचं तेल असलं काही घालू नकोस. चार दिवस छान वाटतं, मग धूळ बसून चिकट लगदा होतो आणि तो माझ्यासारख्याला खरवडत बसावा लागतो. पातळ ई आणि बीच्या तारा खाली दाबणारी जी छोटी पट्टी हेडस्टॉकवर, खुंट्या असतात त्या डोक्यावर, असते, स्ट्रिंग ट्री, तिच्या पोटातही तीच पेन्सिल फिरव. तिथेही तार घासते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही.

प्लॅस्टिकचा पोकळ नट असेल तर तो काढून ग्राफाइट मिसळलेला किंवा हाडाचा टाकून घे. तोच कारागीर एका फेरीत करून देईल. लॉकिंग ट्यूनर म्हणजे तारेला खुंटीतच आवळून धरणारे. ते ऐच्छिक आहेत. त्यांनी खुंटीवरचे वेढे वाचतात, तार बदलणं झटपट होतं. नट चावत असेल तर मात्र तेही काही करू शकत नाहीत.

समजा, चाचणीत सहाही तारा उतरल्या. तरी लगेच ब्रिज फेकू नकोस. सहा स्क्रू बघ. एकदा एकाने गिटार आणली, ‘ट्रेमोलो खराब झालाय, फार जड जातो’ म्हणून. बघतो तर कुणीतरी ‘ढिले वाटले म्हणून’ सहाही स्क्रू पेचकसाने गच्च पिळलेले. पाटी लाकडाला चिकटलेली, हलणार कशी? आर्म दाबताना पाटी वाकत होती आणि स्क्रूंची भोकं लाकडात रुंदावत होती. या ब्रिजची बिजागरी चालायची तर स्क्रूंच्या डोक्यांखाली पाटीला झुलायला मोकळीक लागते. पाटी बॉडीवर सपाट टेकवून स्क्रू हळूहळू खाली न्यायचे. पाटीचा मागचा भाग उचलू पाहतोय असं दिसलं की थांबायचं आणि ती पुन्हा सपाट बसेपर्यंत उलटं फिरवायचं. त्यानंतर मधले चार आणखी थोडे वर घेतलेस तर पाटी बाहेरच्या दोघांवरच टेकून झुलते आणि घर्षण कमी होतं. दोन पोस्टांच्या ब्रिजचं जे कौतुक करतात, त्यातलं बरंचसं एवढ्यानेच मिळतं.

मागचं झाकण काढ. लाकडात दोन लांब स्क्रूंनी धरलेला पंजा दिसेल, त्याला क्लॉ म्हणतात. त्यावरून स्प्रिंगांचा ताण कमी-जास्त होतो. ०.००९ च्या सेटला तीन स्प्रिंगा सहसा पुरतात. तू जाड तारा चढवल्यास आणि क्लॉ तसाच ठेवलास तर ब्रिज पुढे उचलला जाणार, अॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वाढणार, सॅडलची, म्हणजे ब्रिजवर प्रत्येक तार टेकते त्या तुकड्यांची, गणितं बिघडणार. एक स्प्रिंग वाढव किंवा क्लॉचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा पिळ, पुन्हा सुरात लाव, पुन्हा बघ. इथे घाई चालत नाही, एक तार लावली की बाकी पाच हलतात. तराजूच आहे तो. ब्रिज तरंगता ठेवायचा असेल तर पाटीच्या मागच्या कडेखाली साधारण ३ मिमी फट हे सुरुवातीचं माप धर.

आणि मुळात तरंगता ठेवायचाय का? खरं सांग, आर्म वर किती वेळा ओढतोस? बहुतेक वादक खालीच दाबतात, तेही गाणं संपताना एकदा. तसं असेल तर क्लॉ आवळून, चौथी-पाचवी स्प्रिंग लावून पाटी बॉडीवर टेकवून टाक. आर्म खाली दाबता येईल, पण सोडला की पाटी लाकडावर येऊन बसेल, म्हणजे काट्याला परत यायची पक्की जागा मिळाली. बेंड करताना बाकीच्या तारा उतरणार नाहीत. जाड ई खाली उतरवून ड्रॉप डी केलंस तर गिटार कोलमडणार नाही. गिटारवादक एरिक क्लॅप्टन तर आपल्या स्ट्रॅटचा ब्रिज लाकडाचा तुकडा ठोकून बंदच करून टाकतो. एडी व्हॅन हेलनचा फ्लॉइड रोजही बॉडीवर टेकलेलाच असायचा, फक्त खाली जायचा. शून्य रुपयांत होणारा हा बदल मी दुकानात सुचवला की समोरच्याचा चेहरा पडतो. काहीतरी विकत घ्यायचं ठरवूनच आलेला असतो.

बरं, मग ब्रिज बदलावा कधी?

पाटीची टेकणारी धार झिजली असेल तर. स्क्रू काढून पाटी उलटी कर, ज्या कडेवर ती झुलते ती बोटाने आणि डोळ्याने तपास. खाचा पडल्या असतील, भोकांच्या कडा चेपल्या असतील तर ती पाटी परत त्याच जागी येणार नाही, कितीही सेटअप करा. स्वस्त ब्रिजची पाटी मऊ धातूची असते आणि रोज आर्म वापरणाऱ्याच्या हातात ती लवकर झिजते. दुसरं, आर्मचे आटे गेले असतील तर. आर्म भोकात लडबडतो, दाबायला लागलं की आधी एक सेंटीमीटर रिकामा जातो, मग सूर हलतो. भोकात छोटी स्प्रिंग किंवा नळाला लावतात ती टेफ्लॉनची टेप हा जुगाड काही दिवस चालतो, पण आटेच झिजले तर ब्लॉक बदलावाच लागतो. तिसरं, गंज. पुण्यात मी गंज कमी बघतो, पण मुंबई, कोकण, गोव्याकडून येणाऱ्या गिटारींच्या सॅडलचे बारीक स्क्रू दोन-तीन पावसाळ्यांत असे धरतात की अॅलन की गोल फिरते आणि स्क्रू जागचा हलत नाही. घामाचा हात असेल तर विचारूच नकोस. गंज सोडवणारं तेल रात्रभर, मग सोल्डरिंगच्या बंदुकीचं टोक स्क्रूला लावून गरम करणं, असं करून निम्मे सुटतात. सहापैकी चार सॅडल धरले असतील तर मात्र नुसते सॅडल बदल, पूर्ण ब्रिज नव्हे.

चौथं कारण, आणि ब्रिज बदलायचं हेच मला सगळ्यात पटणारं कारण: तू खरोखर आर्म वाजवत असशील तर. म्हणजे गाण्याच्या शेवटी धडाम करण्यासाठी नाही, तर सूर वळवण्यासाठी. आपल्याकडच्या पोरांच्या कानात मींड असते. त्यांना फ्रेटवरून घसरून ती समाधानकारक मिळत नाही आणि मग आर्मवर एका सुरातून दुसऱ्यात जायचा नाद लागतो. जेफ बेकने दोन पोस्टांच्या साध्या फेंडर ट्रेमोलोवर, रोलर असलेल्या नटसह, अशा सुरावटी अख्ख्याच्या अख्ख्या आर्मवर वाजवल्या. असं काही करायचं असेल तर दोन टणक पोस्ट, धारदार कड आणि आर्मची तिळभरही लडबड न होणं, याला किंमत मोजण्यात अर्थ आहे. गोटोह आणि विल्किन्सनचे दोन पोस्टांचे ब्रिज या कामाला उत्तम आहेत. फेंडरने स्वतः १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या अमेरिकन स्टँडर्ड स्ट्रॅटवर दोन पोस्ट आणले, ते उगाच नाही.

आवाजासाठी बदलावा का, हा वेगळा वाद आहे आणि त्यात मी हात राखून बोलतो. सुरुवातीच्या स्ट्रॅटचा ब्लॉक स्टीलचा होता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो ओतीव जस्ताच्या मिश्रधातूचा झाला. तेव्हापासून ‘स्टीलचा ब्लॉक म्हणजे खरा आवाज’ ही श्रद्धा आहे. मी ब्लॉक बदलून दिले आहेत. अँप न लावता, कान बॉडीजवळ नेऊन फरक जाणवतो. सूर जरा जास्त टिकतो, झटका जरा स्वच्छ येतो. बँडमध्ये, ओव्हरड्राइव्ह चालू, ड्रमरच्या शेजारी? नव्या तारांच्या सेटने यापेक्षा जास्त फरक पडतो. तरीही हौस असेलच तर पूर्ण ब्रिज न घेता फक्त ब्लॉक घे. तीन स्क्रूंवर बसतो, पाटी जुनीच राहते, पैसे वाचतात. जुन्या पाटीची भोकं नव्या ब्लॉकशी जुळतात का ते मात्र आधी विचारून घे.

आता माप. इथे मी स्वतः तोंडावर आपटलोय, म्हणून जरा लांबण लावतो. सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकासाठी ब्रिज मागवला, ‘स्ट्रॅटचा’ एवढंच बघून. आला, बसवायला घेतला, बाहेरचे स्क्रू भोकांच्या पुढे साडेतीन मिमी. माझी चूक, मी मोजलंच नव्हतं. सहा भोकांत लाकडी खुंट्या ठोकून, नवी भोकं पाडून ते काम निस्तरलं आणि मजुरी मागायची हिंमत झाली नाही. तेव्हापासून कॅलिपर हातात घेतल्याशिवाय मी कुणाला हो म्हणत नाही.

सहा स्क्रूंमधल्या पहिल्या आणि शेवटच्या स्क्रूच्या केंद्रांमधलं अंतर मोज. ते जुन्या अमेरिकन मापात सुमारे ५६ मिमी असतं, आणि आशियात बनणाऱ्या बहुतेक गिटारींत ५२.५ मिमी. मग सॅडलवर जाड ई ते पातळ ई हे तारांचं अंतर मोज. तेही ५६, ५४ किंवा ५२.५ यांपैकी काहीतरी निघेल. स्क्रूंचं अंतर जुळलं आणि तारांचं नाही, असंही होतं, कारण दोन पोस्टांच्या काही ब्रिजमध्ये पोस्ट ५६ वर आणि तारा ५२.५ वर असतात. अरुंद नेकवर ५६ च्या तारा चढवल्यास तर पातळ ई फ्रेटच्या कडेवरून खाली घसरते आणि ते दुखणं आताच्यापेक्षा वाईट.

त्यानंतर बॉडीची जाडी. पूर्ण जाडीची स्ट्रॅट सुमारे ४५ मिमी भरते, तिला ४० मिमीच्या वर खोल स्टीलचा ब्लॉक बसतो. स्वस्त श्रेणीतल्या कित्येक गिटारींची बॉडी ४० च्या आसपास असते आणि त्यांचा ब्लॉक म्हणूनच आखूड असतो. तिथे लांब ब्लॉक घातलास तर तो मागून बाहेर डोकावतो, झाकण बसत नाही आणि पट्टा लावून उभा राहिलास की पोटाला टोचतो. हे सांगूनही दरवर्षी एकजण घेऊन येतोच. आर्मचे आटेही बघ. अमेरिकन ब्रिजचे इंची मापाचे, आशियाई बहुधा मेट्रिक, पाच किंवा सहा मिमीचे. जुना आर्म नव्या ब्लॉकमध्ये जबरदस्तीने पिळू नकोस.

सहा स्क्रूंवरून दोन पोस्टांवर जायचं म्हणजे जुनी भोकं बुजवायची आणि पोस्टांच्या बुशिंगसाठी (धातूच्या नळ्यांसाठी) दोन मोठी भोकं नेमक्या जागी, काटकोनात पाडायची. भोक एक मिमी चुकलं तर इंटोनेशन (वरच्या फ्रेटवरचा सुरेलपणा) आणि तारांची रेषा दोन्ही गेलं. आयुष्यभर ठेवायच्या गिटारीवर हे कर. सहा स्क्रूंवर सरळ बसणारे चांगले ब्रिजही मिळतात, तुझ्यासाठी ते जास्त शहाणपणाचे.

फ्लॉइड रोजबद्दल थोडक्यात, कारण तुझ्या गिटारीसाठी तो विषय मी बंद करतोय. फ्लॉइड रोज हे माणसाचंच नाव, त्याला १९७९ साली त्याच्या रचनेचं पेटंट मिळालं. त्याने वर सांगितलेली नटची कटकट मुळासकट उपटली. नटवर तारा लोखंडी चिमट्यांत अॅलन कीने आवळून टाकायच्या, ब्रिजवरही आवळायच्या. सरकायला तार मोकळीच नाही, तर अडकणार कुठे? मग बारीक सूर लावायला खुंट्या निकामी झाल्या, म्हणून पुढे त्याने ब्रिजवरच बारीक स्क्रू आणले. आपल्या तंबोऱ्याच्या मण्यांचं जे काम, तेच त्यांचं. कल्पना अफलातून आहे, चांगला फ्लॉइड आर्म जमिनीला लावून सोडला तरी सुरात परत येतो.

पण तो तुझ्या गिटारीवर बसवायचा म्हणजे पोस्टांसाठी सुमारे ७४ मिमी अंतरावर नवी भोकं, बॉडीत मोठं कोरकाम, नटची जागा कापून लोखंडी नटला सपाट बैठक. परतीचा रस्ता नाही. तरंगत्या फ्लॉइडवर कार्यक्रमात एक तार तुटली की स्प्रिंगांचं पारडं जड होऊन बाकीच्या पाच एकदम चढतात. दुसरी गिटार शेजारी ठेवलेली नसेल तर तिथेच बसलास. ट्यूनिंग बदलायचं असेल तर आख्खा तराजू नव्याने. आणि स्वस्त फ्लॉइड हा तर सगळ्यात वाईट सौदा, कारण या रचनेचा सगळा जीव त्या दोन टणक धारांत असतो आणि स्वस्तात नेमका तोच धातू मऊ असतो. फ्लॉइड हवाच असेल तर तो कारखान्यातून बसून आलेली गिटार घे, जुनी घेतलीस तरी चालेल, घेताना धार तेवढी तपास.

शेवटी पैशाचं. ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ असं तुला सगळे ऐकवतील. मला ते पूर्ण पटत नाही. नेक तुझ्या हाताला बसलेली असेल, गिटार तुला वाजवावीशी वाटत असेल तर तिची किंमत काय हे गौण आहे. आणि ब्रिज काढून पुढच्या गिटारीवर नेता येतो, अर्थात मापं जुळली तर. जुने भाग एका डब्यात जपून ठेव, कारण विकताना नव्या ब्रिजचे पैसे कोणी देत नाही. जुना लावून वीक, नवा जवळ ठेव. बाहेरून मागवणार असशील तर कस्टम ड्युटी आणि कुरियर धरून हिशोब कर, वेबसाइटवरचा आकडा खरा नसतो.

तर क्रम असा लाव: नव्या तारा, नीट ताणून. नट आणि स्ट्रिंग ट्री. स्क्रू आणि स्प्रिंगांचा सेटअप. या सगळ्याला मिळून तुझ्या ब्रिजच्या किमतीचा एक लहानसा हिस्सा लागेल. मग महिनाभर वाजव, बँडबरोबर. त्यानंतरही सहाही तारा एकत्र उतरत असतील तर पाटी काढून धारेचा जवळून फोटो काढ, आणि चाचणीचा तो कागद, स्क्रूंचं अंतर, तारांचं अंतर, बॉडीची जाडी, एवढं लिहून पाठव. जीच एकटी चढत असेल तर पाठवू नकोस, सरळ नट करून घे.